चार मिनिटं बारा सेकंद

कामिनीचा कारभार मोठा कडक होता, हो. मिरचीच्या मोसमात तिच्या सासऱ्यांच्या, गिरधरनानांच्या मसाला कांडपावर पाय ठेवायला जागा नसते. नंदुरबारभरच्या गिऱ्हाइकांचे फोन घेता घेता बिचारी कावली आणि तिने मोबाइलवर सगळ्यांचा ग्रुप काढला, ‘गिरधरनानांचा मसाला परिवार’. दोन वर्षांत पावणेचारशे बाया जमल्या. तळोद्याच्या, धडगावच्या, लग्न होऊन सुरत-नाशिकला गेलेल्या लेकीसुद्धा. एवढ्या बाया एका ठिकाणी आल्यावर काय होतं ते मी सांगायला नको. सकाळी फुलांची चित्रं, दुपारी लग्नपत्रिका, संध्याकाळी कुणाच्या तरी गुडघ्यांचं औषध.

कामिनीने कुठल्याशा ऑनलाइन शिबिरात ऐकलं होतं की ग्रुपला शिस्त हवी. झालं! फक्त ऑर्डर आणि भाव, असा नियम लागला. एक मिनिटाहून लांब व्हॉइस नोट दिसली की ती न ऐकताच पुसायची. नाव परिवार, आणि बोलायची मात्र चोरी.

यंदा वैशाखात सुरतेहून रुचिकाचा मेसेज आला. ही तापीकाठच्या कौसाबाईंची एकुलती एक लेक. कौसाबाई मागच्या आषाढात वारल्या. वर्षश्राद्धाच्या पंगतीला आईच्याच मसाल्याची पाटोड्यांची आमटी करायची, एवढंच तिच्या मनात होतं. आई वीस वर्षं तुमच्याकडे मसाला कुटायची, तर तिचं प्रमाण तुमच्याकडे असेलच, असं तिने मोठ्या आशेने लिहिलं होतं.

आता कांडपावर कुणाचं प्रमाण कोण लिहून ठेवतो? बाई आपले जिन्नस घरून मोजून आणते, यंत्रापाशी उभी राहून कुटून घेते आणि डबा भरून जाते. तरी कामिनीने नानांना विचारलं. नानांनी सांगितलं ते असं. मागच्या वर्षी चैत्रात कौसाबाईंचे गुडघे पार गेले होते, म्हणून त्यांनी प्रमाण मोबाइलमध्ये बोलून, नानांचाच नंबर समजून ग्रुपवर टाकलं होतं आणि पोचलं का म्हणून नानांना फोनही केला होता. नानांनी कामिनीला विचारलं, तर ती म्हणाली, काही आलं नाही. कौसाबाई हसल्या होत्या. राहू द्या, पुढच्या वर्षी मीच येते, म्हणाल्या होत्या.

आलं होतं. कामिनीला ते लख्ख आठवलं. कौसाबाईंचं नाव आणि पुढे चार मिनिटं बारा सेकंद. एवढं लांब काय बोलते ही बाई, असं म्हणत तिने ते पुसलं होतं. नाना म्हणाले, झालं ते झालं, पोरीला कशाला सांगतेस. सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. पण कामिनीने फोन तोंडाशी धरला. एरवी ती ग्रुपवर शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध लिहायची. त्या दिवशी घरच्यासारखी बोलली.

“कौसाबाईनं तिन्हं प्रमाण आठे धाडेल व्हतं. मी न ऐकताच पुसी टाकं. कोणले म्हाईत व्हई ते सांगा माय.”

दिवसभर ग्रुप चिडीचूप. त्याचंही कारण होतं. मसाल्याचं प्रमाण आमच्याकडे बाई सख्ख्या जावेलासुद्धा पुरतं सांगत नाही. सांगते, अगदी हसून सांगते, पण एखादा जिन्नस गिळून टाकते. दुसऱ्या दिवशी तळोद्याच्या सरलाबाईंनी कौसाबाईंकडून ऐकलेलं प्रमाण बोलून टाकलं, तीन मिनिटं. लगेच रंजनाबाईंनी त्यांना टोकलं, तुला रामपत्री सांगितलीच नाही की काय तिने? भुरीबाईंना रामपत्री ठाऊक होती, पण खसखस ऐकूनच त्यांना राग आला. मग काय, बांधच फुटला. संध्याकाळपर्यंत अकरा व्हॉइस नोटा आल्या आणि दोन मिनिटांच्या आत एकही नव्हती.

कामिनी वही घेऊन बसली आणि एकेक दोनदा ऐकू लागली. धणे-मिरची सगळ्यांची जुळत होती. पण सरलाबाईंच्यात रामपत्री नाही, रंजनाबाईंच्यात दगडफूल नाही, भुरीबाईंच्यात खसखस नाही. कौसाबाईंनी प्रत्येकीपासून वेगळाच जिन्नस लपवला होता. काय चलाख बाई! पण एकीकडे नव्हतं ते दुसरीकडे होतं. सगळ्या याद्या शेजारी शेजारी मांडल्यावर मसाला पुरा झाला. हे कळल्यावर बाया कौसाबाईंच्या नावाने खूप हसल्या. भुरीबाईंनी तर आपण स्वतः जावेपासून काय लपवलंय तेही सांगून टाकलं. जाऊ त्याच ग्रुपवर होती.

मसाला कुटताना कामिनी यंत्रापासून हलली नाही. डबा सुरतेला गेला.

आषाढात रुचिकाचा फोन आला. आमटीचा पहिला भुरका घेऊन आत्या ताटावरच रडायला लागली, असं ती सांगत होती. कामिनीला राहवेना. ग्रुपवर कबूल केलं होतं, पण या पोरीशी थेट बोलली नव्हती. तुझ्या आईचा शेवटचा आवाज माझ्या हातून गेला, मला माफ कर, ती म्हणाली.

रुचिका हळूच बोलली, “वहिनी, मायनी तोच निरोप मालेबी धाडेल व्हता. जपी ठेव, म्हने. मी कामवर व्हतू. मंग ऐकसू, म्हनं. मंग फोनच बदली टाका.”

कामिनी मिरच्यांच्या पोत्यावर टेकली. कौसाबाई वीस वर्षं कांडपावर येत होत्या, पण त्यांच्याशी चार वाक्यं धड बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. ग्रुपवर त्यांचं फक्त नाव दिसायचं.

“माले सांग ना,” ती म्हणाली, “तुन्ही माय कशी बोले?”

आणि रुचिका सांगू लागली. दारात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, नानांनी दोनदा हाक मारली. कामिनीने त्यांना हातानेच थांबायला सांगितलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.