भुऱ्याचा श्रावण

आमच्या कुत्र्याला, भुऱ्याला, अ‍ॅलर्जीची खाज. चौबे कॉलनीतले डॉक्टर म्हणाले, माशाच्या तेलाची गोळी रोज द्या, मध्ये खंड नको. दोन महिन्यांनी कुठे केस यायला लागले, तर श्रावण लागला आणि पोट्ट्याने चाटून-चाटून पोट पुन्हा लाल केलं. गोळ्यांची डबी गायब.

"मीच उचलली," सासूबाई म्हणाल्या. "श्रावणात घरात मासोळी? जवसाची चटणी चारून राहिली ना मी त्याले. तेल तं तिच्यातही असते!"

"आई! तिखट-लसणाची? कुत्र्याले?"

भुऱ्या त्यांच्याच पायाशी बसून खसाखसा खाजवू लागला. सासूबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. बाहेर जाऊन त्यांनी स्कूटरच्या डिकीतून डबी काढली.

"घे बापा, तुले कायचा श्रावण?"

गोळी चारून त्या पुन्हा आंघोळीला गेल्या.