सोमाजीचा सत्कार

सुकलूकाका मरणार, हे आरमोरीत सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता की कधी. आणि त्या वर्षी माघात हा प्रश्न सोमाजी पेटीमास्तरला जितका छळत होता, तितका तो खुद्द सुकलूकाकालाही छळत नसेल.

सोमाजीचं काकावर फार प्रेम होतं म्हणाल, तर तसं काही नव्हतं. सुकलू त्याचा चुलतकाका. घर त्याच गल्लीत, दोन दारं सोडून. पण धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, हातभर इकडे की हातभर तिकडे, यावरून दोन्ही घरांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. भांडणानं बोलणं तुटतं हो, सुतक काही तुटत नाही. काका गेला की दहा दिवस सुतक, आणि सुतकात वाद्याला हात लावायचा नाही, हा दंडारीतला बापजाद्यांपासूनचा नियम. धान कापून झालं की झाडीपट्टीतल्या गावोगाव जी दंडार उभी राहते, तिच्या नाचगाण्याला आणि सोंगांना सोमाजी वीस वर्षं पेटी वाजवत होता. स्वतःच्या बापाच्या सुतकात त्यानं पेटीवरची धूळसुद्धा पुसली नव्हती. तेव्हा नियम मोडायचा प्रश्नच नव्हता. काकानं येत्या आयतवारपर्यंत जगणं, एवढाच एक मार्ग उरला होता.

आता आयतवारी काय होतं, ते सांगायला हवं. जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात धानगिरणीवाल्या गुणवंतरावांच्या डोक्यात आलं की आरमोरीला शास्त्रीय संगीत ऐकवायचं. एकेकटा गवई नव्हे, अख्खे वाद्यवृंद. पंधरा-वीस माणसं सतार, सरोद, बासरी, जलतरंग घेऊन एका ओळीत बसणार आणि एकच राग मिळून वाजवणार. मार्गशीर्षापासून माघापर्यंत चार वृंद ठरले. रेल्वेनं वडशापर्यंत, तिथून गिरणीच्या ट्रकनं आरमोरी. मैफल गिरणीच्या पडवीत दुपारी तीनला, म्हणजे वैरागडाकडचे लोक अंधार पडायच्या आत जंगल ओलांडून घरी. पहिल्या मैफलीत लोकांनी दीड तास शांतपणे ऐकलं आणि मग एकानं उठून विचारलं, "सोंगं कवा येतीन जी?"

सोमाजीनं मात्र त्या दिवशी सतरंजीवरून मांडी हलवली नाही. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "सुगंधा, एक डाव मले त्यायच्यात बसून वाजवाचं हाय. एकच डाव."

"मंग वाजवा ना. कोन नाई म्हनते?"

नाही म्हणणारे पुष्कळ निघाले. पहिल्या वृंदाचे प्रमुख हसून म्हणाले, आमच्यात पेटी बसत नाही, पेटीला मींड नसते. दुसऱ्यांनी निदान पेटी ऐकली. म्हणाले, हात चांगला आहे, पण आमच्या बासरीच्या मानानं तुमची पेटी उतरलेली आहे. तिसऱ्यांच्या वेळी ट्रक वाटेत बिघडला, सगळंच उरकतं घ्यावं लागलं, मग सोमाजीला कोण विचारतो? दर वेळी सोमाजी पेटी डोक्यावर घेऊन गिरणीत जायचा आणि तशीच घरी आणायचा. गल्लीतली माणसं विचारायची, "काय मास्तर, झालं काय?" आणि तो दात ओठ खात म्हणायचा, "पुढच्या डावाले."

दुसऱ्या वृंदानं पेटी उतरलेली म्हटल्यापासून त्यानं एक वेडं काम काढलं होतं. पेटी उघडून तिची पितळी पाती एकेक काढायची, टोक ब्लेडनं खरवडायचं, परत बसवून ऐकायचं. सदतीस पट्ट्या, प्रत्येकीला दोन पाती, म्हणजे चौऱ्याहत्तर. जरा जास्त खरवडलं की सूर चढून बसे, मग बुडाशी खरवडून उतरवायचा. महिनाभर तो अंगणात हेच करत होता. सुगंधा म्हणाली, एवढी मेहनत बांधीत केली असती तर दुसरं पीक निघालं असतं. तिचं काही चुकलं नव्हतं.

आणि मग खरंच पोस्टकार्ड आलं. चौथ्या, शेवटच्या वृंदाच्या बुवांनी गुणवंतरावांना लिहिलं होतं : भीमपलासनंतर तुमच्या पेटीमास्तरांना आठ मिनिटं देऊ. पेटी बासरीशी जुळलेली हवी. सोमाजीनं ते कार्ड गुणवंतरावांकडून मागून घेतलं आणि आठवडाभर कोपरीच्या खिशात बाळगलं.

अन् त्याच आठवड्यात सुकलूकाकानं अंथरूण धरलं! दवाखान्यातल्या कंपाउंडरनं छातीला नळी लावली आणि बाहेर येऊन मान हलवली. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच. सोमाजीचा संताप संताप झाला. अकरा वर्षं ज्या माणसानं धुऱ्यासाठी छळलं, तो मरतानाही वेळ साधून मरणार! दोन दिवस तो घरात चरफडत बसला. तिसऱ्या दिवशी उठला, तांदळाच्या कण्यांची आंबील घेतली, आणि अकरा वर्षांनी काकाच्या दारात उभा राहिला.

भागीरथाकाकीनं दार उघडलं, भांड्याकडं पाहिलं आणि बाजूला झाली.

काका बाजेवर उशीला टेकून होता. नुसती हाडं, आणि त्यात दोन मिस्कील डोळे. खोकल्याची उबळ ओसरल्यावर म्हणाला, "माह्यासाठी नाई आला तू. पेटीसाठी आला."

सोमाजीला खोटं बोलता आलं नाही. "हो काका. पेटीसाठीच आलो."

"किती दिस राह्यले?"

"सहा."

"लय होतेत बे," काका म्हणाला आणि आंबिलीसाठी हात पुढं केला. "पाहतो."

मग सोमाजीची जी धावपळ सुरू झाली, ती बापासाठीही त्यानं कधी केली नव्हती. सकाळी आंबील, दुपारी छातीला मोहाचं तेल, संध्याकाळी गंजेवाहीच्या वाटेवरच्या बुधूकडून आणलेला मध आणि आल्याचा रस. बाकी वेळ पेटी. गावही यात सामील झालं. रस्त्यात कुणी भेटलं की "काका कसे हायेत?" आणि लगेच पुढं "काढतीन ना आयतवारपावतर?" सोमाजीला या प्रश्नाचा राग येई, कारण त्याच्या मनातही तोच असे. आजारी माणसाच्या उशाशी बसून आपण दिवस मोजतो आहोत, याची त्याला लाज वाटायची. लाज वाटायची, तरी दिवस मोजणं थांबत नव्हतं.

शुक्रवारी काकाला बोलवेना. शनिवारी त्यानं आंबील तोंडातून बाहेर सोडली. त्या संध्याकाळी सोमाजी निघताना त्यानं फक्त एक बोट वर केलं. एकच दिवस, असं.

आयतवारी सकाळी सोमाजी भांडं घेऊन गेला, तर काकी दारातच आडवी उभी.

"झोपले हायेत," ती म्हणाली. "रातभर खोकलले, आत्ता डोया लागला. तू जाय."

"दोन घोट तरी..."

"जाय म्हनलं ना! तुह्या पाव्हन्याईची गाडी आली असन."

तोंडावर दार लागलं. सोमाजी भांडं घेऊन वाटेतच उभा राहिला. आठवडाभर या घरासाठी राबलो, आणि ही बाई दोन घोट पाजू देत नाही! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. मनात काकीला दोन शब्द सुनावतच तो पेटी आणायला घरी गेला. पण काका झोपलाय म्हणजे आहे, हे काय कमी होतं?

बाराला गिरणीत तालीम झाली. बुवा पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे. त्यांनी बासरीवाल्याला षड्ज लावायला सांगितला, सोमाजीनं पेटीवर तोच धरला. दोन सूर असे मिसळले की बासरीवाल्यानं बासरी ओठांवरून काढून पाहिलं, आपण थांबलो तरी सूर चालूच कसा. बुवांनी भुवया उंचावल्या. "पाती तुम्ही स्वतः घासलीत? वा, मास्तर! भीमपलास संपला की लगेच तुम्ही. मात्र साडेपाचला आमचा ट्रक निघाला पाहिजे, वडशाची गाडी चुकली तर उद्याचा कार्यक्रम बुडतो."

"साडेपाचले सोडतो जी तुमाले," गुणवंतराव म्हणाले, "माही जबाबदारी."

तीनला पडवी भरली. आणि मग सुरू झाले सत्कार. तुम्ही झाडीतले नसाल तर तुम्हाला हे कळायचं नाही. इथं कुठलाही कार्यक्रम असो, आलेल्या प्रत्येक गावच्या पाटलाचं नाव पुकारून त्याला मंचावर बोलवायचं, हार घालायचा, नारळ द्यायचा. एकाला बोलवलं आणि दुसऱ्याला विसरलं तर दुसऱ्याचं अख्खं गाव पुढच्या वर्षी येत नाही. अकरा गावचे पाटील झाले. मग शाळेचे हेडमास्तर, ठाण्याचे जमादार, कंपाउंडर, भोंगा देणारे, सतरंज्या देणारे. नमनालाच घडाभर तेल. सोमाजी मंचाच्या कडेला पेटीशी बसून घड्याळाकडे बघत होता. तीनचे चार वाजले. बुवा शांत होते, पण त्यांची बोटं मांडीवर ताल धरायला लागली होती, आणि तो ताल फार द्रुत होता.

वादन सुरू झालं ते चार वाजून दहा मिनिटांनी. आधी एक लहान रचना झाली, मग भीमपलास. तो बुवांनी आटोपता घेतला, हे सोमाजीला कळलं. तरी काय वाजला! सोमाजीच्या अंगावर काटा आला. पाच वाजून बारा मिनिटांनी शेवटची सम पडली. बुवांनी त्याच्याकडं पाहून मान हलवली. सोमाजीनं पेटी पुढं ओढली, भाता सोडला.

"थांबा!" भोंग्यातून गुणवंतरावांचा आवाज आला. "आपला मानूस पाव्हन्यायच्या मांडीले मांडी लावून बसून राह्यला, हा आरमोरीचा मान हाय. त्याचा सत्कार केल्याबिगर त्याले वाजवू देणं बरं नाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सोमाजी हात जोडून म्हणाला, "भाऊ, मागून करा जी." कुणी ऐकलं नाही. त्याला उभं करून झेंडूचा हार घातला. दंडार मंडळानं दुसरा घातला. शेला पांघरला. नारळ दिला. मग गुणवंतराव बोलायला लागले : सोमाजीचा बाप, त्याची पेटी, महिनाभराची ब्लेडची मेहनत, सगळं. माणूस मनापासून बोलत होता, हीच तर पंचाईत. शिवी तरी कशी द्यायची? हातात नारळ घेऊन सोमाजी उभा, पेटी पायाशी, आणि भिंतीवरचं घड्याळ पुढं चाललेलं.

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला.

गुणवंतरावांचं संपलं तेव्हा साडेपाचला दोन मिनिटं होती. वृंदातली माणसं वाद्यांना गवसण्या घालत होती. बुवा सोमाजीजवळ आले, दोन्ही हातांनी त्याचे हात धरले. "मास्तर, क्षमा करा. फार वाईट वाटतंय. पुढच्या वर्षी नक्की."

"हो जी," सोमाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

लोक मात्र खूश होते. जाताना जो तो त्याच्या पाठीवर थाप मारत होता. वाजवायचं राहिलं, हे अर्ध्यांच्या लक्षातही नव्हतं. त्यांच्या लेखी सत्कार झाला, म्हणजे सगळं झालं.

सोमाजीनं पेटी गिरणीतच सोडली आणि हार-शेल्यासकट तरातरा चालत सुटला. घरी जायची इच्छा नव्हती. सुगंधाला सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि ते त्याला झेपलं नसतं. सगळं ऐकून जो हसेल असा एकच माणूस गावात होता. या सहा दिवसांत तसं झालं होतं खरं. काकाला सांगू, गुणवंतरावाला मनसोक्त शिव्या देऊ, असं ठरवून तो त्या दारात आला.

काकी उंबऱ्याशी बसली होती. चूल पेटलेली नव्हती. आत काकाला बाजेवरून भुईवर घेतलेलं होतं, तोंडावरून धोतर ओढलेलं, उशाशी दिवा.

सोमाजीच्या जिभेवरची शिवी जिभेवरच राहिली. "कवा?"

"दिस निघता निघता," काकी हलक्या आवाजात म्हणाली. "आयतवार लागला का, असं इचारलं मले. म्हनलं, लागला. म्हनले, सोमाले सांगजो नोको. आयकल्याबिगर सुतक लागत नाई. वाजवू दे त्याले." तिनं पदर सावरला. "म्हून सकाळी तुले आत येऊ देल्लं नाई. राग धरजो नोको."

या गल्लीत माणूस गेलं की श्वास थांबायच्या आत आक्रोश बाहेर पडतो. ही बाई सकाळपासून तोंडात पदराचा बोळा कोंबून, शेजारणीलाही न कळू देता, प्रेताजवळ एकटी बसली होती.

"वाजोलं का?" तिनं विचारलं.

सोमाजीनं तोंड उघडलं. अकरा गावचे पाटील, नारळ, हॉर्न, सगळं ओठांशी आलं होतं.

"वाजोलं, काकी."

"पुरं?"

"पुरं. आठ मिनटं."

"लोकं काय म्हनले?"

"हार घातला," सोमाजी म्हणाला.

काकीनं त्याच्या गळ्यातल्या हाराकडं पाहिलं, समाधानानं मान हलवली, आणि मग दिवसभर दाबून धरलेला हंबरडा फोडला. गल्लीतली दारं भराभर उघडली, बाया धावत आल्या. सोमाजी अंगावर शेला तसाच घेऊन काकाच्या पायाशी मटकन बसला.