पुढे केलेले पाय

पाहुणी निघणार असं दिसताच पद्मिनीबाईंनी निऱ्या सारख्या केल्या आणि दोन्ही पाय सोफ्यापुढे नीट मांडले. विक्रांतने आणलेली ती मुलगी, मार्ता, दाराशी बूट चढवून उठली, हसून हात हलवला, "चाओ" म्हणाली आणि गेलीसुद्धा. पाय मांडलेले तसेच राहिले.

"ही सून होणार? कुत्र्याला तुकडा टाकावा तसा शब्द टाकून गेली."

विक्रांत आयर्लंडमधल्या स्लायगोच्या इस्पितळात डॉक्टर; बाई तिकडे त्याच्याकडे राहायला आलेल्या. मार्ता तिथंच फिजिओथेरपिस्ट, मूळची इटलीतल्या व्हेनिसची. आईने हो म्हटल्याशिवाय लग्न नाही, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं, आणि बाई त्या होकारावर ठेव्यावरच्या नागासारख्या बसून होत्या.

त्याने समजूत घातली. हा शब्द तिच्याच गावचा. पूर्वी तिथली माणसं भेटता-निघताना 'मी तुमचा गुलाम' म्हणायची. तोंडातोंडी झिजून त्याचा चाओ झाला.

"म्हणजे नमस्कारच करून गेली की, आई."

"तोंडाच्या नमस्काराला काय लागतंय? कंबर वाकू दे, मग बघू."

तो ड्यूटीवर गेला. खिडकीबाहेरचा सपाट माथ्याचा डोंगर धुक्यात हळूहळू विरघळला. थोडा वेळ तो सह्याद्रीतलाच वाटत राहिला. बाईंचा डोळा लागला, पण गुलाम हा शब्द काही झोपेना. त्या धुक्यात त्या आपल्या सासूबाईंचा चेहरा शोधू लागल्या. सापडेना. सकाळी उठल्यावर, माहेरी निघताना, दिवेलागणीला, उभा जन्म त्या पायांवर डोकं टेकलेलं, आणि आठवत होत्या त्या नुसत्या टाचा. भेगाळलेल्या, डावीवर चुन्याचा डाग. मान वर करून बघायची त्या घरात रीतच नव्हती.

रविवारी मार्ता आली. विक्रांतने पढवलं असणार. बूट काढले आणि ती थेट वाकलीच. मोकळे केस जमिनीपर्यंत सांडले.

पद्मिनीबाईंनी झटकन पाय वर घेऊन मांडीखाली दडपले.

मार्ता अर्धी वाकलेलीच थबकली. विक्रांतचा चेहरा उतरला.

"आई, आता तरी..."

"तू गप. चहा टाक जा. गोड कर."

त्यांनी मार्ताची हनुवटी धरली आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. भुवईपाशी एक बारीक व्रण होता. लहानपणीचा असावा.

"इथं बस," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं बघ."

शब्द कळले नाहीत, तरी मार्ता बसली. आत कपबशा वाजत होत्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.