उणे एक्केचाळीस आणि गोठलेला युरिया

अ‍ॅडेलिन बियर्डीला मी ट्रकमधून दवाखान्यात नेलं, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. वाटेत काय झालं ते मात्र प्रत्येक जण आपापल्या परीने सांगतो. म्हणून एकदा मीच सांगते.

मी लिओना फ्लेट. जानेवारीत तळी घट्ट गोठली की त्यांच्यावरून रस्ता काढतात, आणि तो टिकतो तेवढे दिवस मी उत्तरेकडच्या वस्त्यांना डिझेल पोचवते. त्या खेपेला स्टोन पॉइंटच्या वीजघरात टँकर रिकामा करून मी परत निघायच्या तयारीत होते. सकाळचे सात वाजले होते. एवढ्यात आरोग्य केंद्रातली नर्स ब्रिजेट धावतपळत गाडीपाशी आली.

अ‍ॅडेलिन भावाला माती द्यायला शहरातून गावी आली होती. तिच्या किडन्या दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिस लागायचं. वाऱ्यामुळे चार दिवस गावात विमान उतरलं नव्हतं, त्यात तिचं दोनदा डायलिसिस चुकलं. केंद्राची व्हॅन दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली ती मोठ्या तळ्यापलीकडेच अडकली होती. रक्तातलं पोटॅशियम चढत चाललंय, असं ब्रिजेट म्हणाली. संध्याकाळपर्यंत म्हातारी मशीनला लागली नाही तर तिचं हृदय केव्हा बंद पडेल सांगता येत नाही. मशीन असलेला जवळचा दवाखाना दक्षिणेला रेल्वे पोचते त्या गावात, नऊ तासांवर. मी नेईन का, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हटलं.

जे मी तिला सांगितलं नाही ते इथे सांगायला हवं. आदल्या संध्याकाळी येताना गाडीत पिवळा दिवा लागला होता. डिझेलचा धूर स्वच्छ करायला हल्लीच्या ट्रकना युरियाचं पाणी लागतं, त्याची वेगळी टाकी असते. उणे अकराला ते पाणी गोठतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इंजिन तापलं की त्याचं गरम कूलंट टाकीतल्या नळीतून फिरतं, बर्फ वितळतो आणि दिवा आपोआप विझतो. माझा मात्र दोन तास झाले तरी विझला नव्हता. थंडी जास्त आहे म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि झोपले. सकाळी पारा उणे एक्केचाळीसवर होता. दिवा तसाच होता.

अ‍ॅडेलिनला सीटमागच्या बिछान्यावर बसवलं, दोन गोधड्या अंगावर टाकल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पाय सुजून बूट चढत नव्हते, पण तोंड शाबूत होतं. ती माझी सख्खी आजी नव्हे. गावात तिला सगळेच कोहकुम, म्हणजे आजी, म्हणतात, मीही तेच म्हणायचे.

पहिले दोन तास जंगलातला रस्ता होता. ती मला भावाच्या गोष्टी सांगत होती, मी हुंकार भरत होते. मग चढावर गाडीचा जोर एकदम कमी झाला. पाय दाबला तरी गाडी ओढेना.

"पोरी," ती मागून म्हणाली, "तो दिवा सकाळपासून पेटलाय. काय म्हणणं आहे त्याचं?"

"काही नाही कोहकुम. थंडीत पेटतो तो."

"मला थापा मारू नकोस. बेचाळीस वर्षं नवऱ्याच्या ऐकल्यात, आता वासावरून कळतात."

मग मी तिला सांगितलं. युरिया गोठलाय, धूर साफ होत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर आधी इंजिनाचा जोर काढून घेतो, आणि तरी दुरुस्ती झाली नाही तर ताशी आठ किलोमीटरच्या वर जाऊच देत नाही. तिने गोधडी तोंडावर ओढली. मला वाटलं घाबरली. बघते तर हसू दाबत होती.

"म्हणजे माझ्या अंगात युरिया साठून मी मरायला टेकलेय, आणि तुझ्या गाडीला तो मिळत नाही म्हणून ती मरायला टेकलीय," ती म्हणाली. "आम्हा दोघींना एकाच मशीनला जोडा म्हणावं."

मीही हसले. मोठ्या तळ्याच्या काठाशी पोचेपर्यंत मात्र माझं हसू आटलं होतं. बावीस किलोमीटरचं तळं. पंधरा किलोमीटर जेमतेम चाळीसच्या वेगाने कापले, आणि मग घंटी वाजायला लागली. दिवा लाल झाला. काटा खाली खाली येत आठवर थांबला. माणूस जरा धावला तर आमच्या पुढे गेला असता.

सॅटेलाइट फोनवरून मी ओरेस्टला गाठलं. तो कंपनीच्या गॅरेजमधला जुना मेकॅनिक. त्याने पहिल्यांदा विचारलं की इंजिन चालू आहे ना. चालू आहे म्हटल्यावर म्हणाला, ते अजिबात बंद करू नकोस. मग त्याने मला युरियाच्या टाकीकडे जाणारे दोन्ही पाइप हाताने बघायला सांगितलं. मी गाडी चालू ठेवून खाली उतरले. तळ्यावर वारा इतका होता की दाराला लटकून उभं राहावं लागलं. टाकीच्या अलीकडे पाइपात एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या अलीकडचा पाइप गरम होता, पलीकडचा लाकडासारखा कडक. म्हणजे व्हॉल्व्ह उघडतच नव्हता आणि गरम कूलंट टाकीपर्यंत पोचत नव्हतं.

ओरेस्टने सांगितलं, व्हॉल्व्ह काढून टाक आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा पाइप सरळ एकमेकांना जोड. टाकीवर शेगडी धरायची नाही, उकळतं पाणी ओतायचं नाही, टाकी तडकली तर सगळंच संपलं. आणि हे काम वाऱ्यात करू नकोस, बोटं जातील. काठ गाठ, झाडांच्या आडोशाला जा.

काठ सात किलोमीटरवर होता. आठच्या वेगाने जवळजवळ तास.

"डावीकडे बेट आहे," अ‍ॅडेलिन म्हणाली. "जवळ आहे. पूर्वी ट्रॅक्टर बर्फावरून सामानाच्या गाड्या ओढायचे, त्यांवर मी स्वयंपाकाला असायचे तेव्हा वारा सुटला की आम्ही त्याच्यामागे थांबायचो."

मला बेट दिसत होतं, अर्ध्या किलोमीटरवर. पण रस्त्यासाठी जो बर्फ मापलेला असतो तो खुणेच्या काठ्यांच्या आतला. बाहेर खाली प्रवाह कुठे आहे, बर्फ कुठे पातळ आहे कोण जाणे. मी नाही म्हटलं. ती चिडली. म्हणाली, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून मी हे तळं ओळखते. मी म्हटलं, तेव्हाची थंडी वेगळी होती, बर्फही वेगळा होता, आणि तुला घेऊन मी पाण्यात जाणार नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

तो तास मी विसरणार नाही. समोर फक्त भुरभुरता बर्फ आणि काठ्या, एक गेली की दुसरी. मी दर पाच मिनिटांनी आरशात तिच्याकडे बघत होते. अर्ध्या वाटेत तिने स्वतःच तोंड उघडलं. ओठांभोवती मुंग्या येताहेत, म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, पाय जड झालेत. ब्रिजेटने मला याच दोन खुणा सांगितल्या होत्या. त्यानंतरची खूण छातीतली होती.

काठावरच्या दाट झाडांत शिरल्यावर वारा पडला. मी हत्यारांची पेटी घेऊन गाडीखाली गेले. दोन ग्रिप प्लायर होते, त्यांच्या जबड्यांना चिंध्या गुंडाळून व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे पाइप आवळले. गरम बाजूचा नीट आवळला गेला. गार बाजूच्या रबराला जास्त दाबलं असतं तर ते काचेसारखं फुटलं असतं, म्हणून तो थोडा सैलच ठेवला. जाड हातमोजे घालून क्लॅम्पचा स्क्रू फिरत नव्हता. ते काढले, आतले पातळ ठेवले. आधी गरम बाजूचा पाइप सुटला तसं आत उरलेलं कूलंट माझ्या दोन्ही हातांवर आलं. क्षणभर छान ऊब वाटली. मग हातमोजा बोटांवरच कडक झाला.

पेटीतला पितळी जोड एका पाइपात बसवला. दुसऱ्यात बसेना. बोटांना काही कळत नव्हतं, जोड हातात आहे की पडला हे बघून ठरवावं लागत होतं. शेवटी पाइपाचं तोंड काखेत धरून मऊ केलं आणि खांद्याने रेटून बसवलं. क्लॅम्प आवळले, प्लायर काढले, सांडलं तेवढं कूलंट कॅनमधून भरलं. वीस मिनिटांचं काम, मला पन्नास लागली.

वर चढले तेव्हा दाराची कडी मला धरता येत नव्हती. अ‍ॅडेलिनने आतून उघडलं. तिने माझे हातमोजे कात्रीने कापले, हात ओढले आणि आपल्या स्वेटरखाली पोटाशी धरले. तिला शहारा आला, पण तिने सोडले नाहीत. संवेदना परत यायला लागली तशी मी रडायला लागले. दुखण्याने, दुसरं काही नाही.

टाकीतला बर्फ वितळायला पाऊण तास लागला. बाहेरून हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला. दिवा मात्र लालच राहिला आणि वेग आठच. मी पुन्हा ओरेस्टला फोन केला. तो म्हणाला की कॉम्प्युटर पुन्हा तपासणी करेल ती इंजिन बंद करून चावी काढल्यावरच, आणि तीही पूर्ण दहा मिनिटं. दहाच्या आत चालू केलंस तर उपयोग नाही. इंजिन परत चालू होईल का, असं मी विचारलं. गरम आहे, व्हायला हवं, म्हणाला. बॅटऱ्या किती जुन्या आहेत? मी सांगितलं, चार वर्षांच्या. मग आधी सगळे दिवे आणि पंखा बंद कर, म्हणाला.

आठच्या वेगाने दवाखाना गाठायला रात्र उलटून दुसरी दुपार झाली असती. मी चावी फिरवली.

इतकी शांतता मी त्या गाडीत कधी ऐकली नव्हती. आमच्या श्वासाने काचा आतून पांढऱ्या व्हायला लागल्या. मी घड्याळाकडे बघत होते. चौथ्या मिनिटाला मला राहवलं नाही.

"कोहकुम, हा दिवा कालच लागला होता. मी ब्रिजेटला सांगितलं नाही."

"दुसरी गाडी होती का गावात?"

"नव्हती."

"मग मी याच गाडीत बसले असते," ती म्हणाली. थोडा दम घेतला. "पण सांगायला हवं होतंस. बसायचं की नाही ते मी ठरवायचं होतं. जीव माझा आहे."

"हो."

"हो काय. मोठ्याने म्हण."

"मी चुकले, कोहकुम."

तिने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. तिने घड्याळ मागून घेतलं, स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि उरलेली मिनिटं तीच मोजत बसली. अकरा झाली तेव्हा म्हणाली, आता.

इंजिन एकदा कण्हलं, थांबलं. मी हात काढला, वीस मोजले, पुन्हा चावी फिरवली. एक फेरा, मग दुसरा, प्रत्येक आधीच्यापेक्षा संथ. आता बॅटरी बसली असं वाटत असतानाच एका सिलिंडरने पेट घेतला, मागोमाग बाकीच्यांनी. सगळी केबिन थरथरली. मी गिअर टाकला. आठ. आठ. नऊ. मग काटा वीसच्या पुढे गेला आणि लाल दिवा पिवळा झाला.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. शेवटचे दोन तास ती अर्धवट झोपेत होती आणि मी तिच्याशी अखंड बोलत होते, ती हं म्हणेल एवढ्यासाठी. एकदा ती हं म्हणाली नाही, तेव्हा मी गाडी थांबवून तिला गदागदा हलवलं. डोळे उघडून तिने मला शिवी दिली. सातला दहा कमी असताना आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी दोन-तीन तास गेले असते तर त्यांच्या हातात काही नव्हतं.

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली, त्यांतलं एक कापावं लागलं. मालकाने व्हॉल्व्ह बदलून दिला आणि आता दिवा लागला की मी निघत नाही, मग कोणी काहीही म्हणो.

त्या रात्री तिला मशीनला लावल्यावर मी काचेपलीकडून बघत होते. नर्सने मला आत बोलावलं, म्हातारी काहीतरी म्हणतेय म्हणाली. मी तिच्या तोंडाशी कान नेला.

"अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारात उभा आहे तुझा ट्रक," अ‍ॅडेलिन पुटपुटली. "हलव तो. माझ्यासारखं आणखी कोणी येईल."