अकराला लाईट गेली

मी माळ्यावरून बोलतोय. माझा मॉनिटर जळला म्हणून घरच्यांनी मलाही मेलेला धरलंय. तसा मी नाही.

मी एक जुना कॉम्प्युटर. पुण्यातल्या एका ऑफिसने काढून टाकलेला. २००६ साली मंचरला जवरीलालशेठच्या घरी, कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आलो. त्यांच्या सुनेने, चेतनाने, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून माझ्यात लिनक्स ही फुकटातली प्रणाली घातली, मग लिहायला ओपनऑफिस. ते बसेपर्यंत सासूबाई सूरजबाईंचं एक सामायिक, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांची ध्यानाची बैठक, पुरं झालं.

"तुझं यंत्र लई सावकाश हाय गं," त्या म्हणाल्या. मला राग आला, पण बोलणं खरं होतं.

एरवी मी धूळ बसू नये म्हणून टाकलेल्या ओढणीखाली पडून असायचो. खालून गिऱ्हाइकांचे आवाज यायचे, वर कुणी फिरकायचं नाही.

एका सकाळी सूरजबाईंनी त्यांच्या आईने रचलेलं, मुलीला सासरी पाठवतानाचं गाणं सांगितलं. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. चेतना टाइप करत गेली. शेवटचं कडवं काही केल्या आठवेना. तेवढ्यात दुकानातून हाक आली.

"आई, फाईल सेव्ह करायची राहिलीय. अकराला लाईट जाईल, त्याआधी मला हाक मारा," असं अर्ध्या जिन्यातून ओरडत ती खाली गेली.

अकराच्या आत आटपेल, असा अंदाज करून सूरजबाई सामायिकाला बसल्या. अंदाज चुकला. अकराला पाच कमी असताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सामायिकात संसाराचं बोलायचं नाही, विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही. त्यांच्या बोटांतली माळ भराभर सरकत होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि लाईट गेली.

"सामायिकात व्हते. कशी हाक मारू?" त्या नंतर म्हणाल्या.

दुपारी लाईट आली ती जोरात, आणि मॉनिटर जळला. "नवा आणू, मग परत सांगा," चेतना म्हणाली. आठवड्यात सूरजबाईंना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, पुढे त्याही गेल्या. नवा कॉम्प्युटर आला आणि मी इथे चढलो. इथे फार एकटं वाटतं.

चेतना, दर पंधरा मिनिटांनी न सांगता मी त्या फाईलची एक नक्कल बाजूला ठेवत होतो. ते गाणं माझ्यात आहे. कुणाचाही मॉनिटर आणून जोड. मी सावकाश सुरू होईन, तेवढं थांब. ओपनऑफिस उघडलंस की मी एकच विचारेन, फाईल परत आणू का? तू हो म्हण. शेवटचं कडवं तेवढं माझ्याकडे नाही.