देवीचा दोरा आणि ड्रॉवरची खाच

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतला सुतारकामाचा कारखाना हिरामणचा, पण हुकूम त्याच्या आईचा. झुंबरबाईनं जन्मात रंधा हाती धरला नव्हता. तरी लाकडातलं तिला काही कळत नाही, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सून ज्योत्स्ना आयटीआय शिकलेली. आल्या आल्या तिनं कटर मशीनसाठी हातभर लांबीची काठी तासली.

"ही गं कशाला?"

"फळी ढकलायला, आई. खाच पाडताना पातं लाकडाच्या पोटात असतं, दिसत नाही. फळी संपली की बाहेर येतं ते थेट हाताखाली."

"लाकूड लाकडानं ढकलायचं! उद्या घासबी काठीनंच भरव त्याला. माझ्या लेकाच्या हाताला वणीच्या देवीचा दोरा हाय."

दोरा होता खरा. लालभडक, गोंड्याचा, मनगटाखाली चार बोटं लोंबणारा. दर नवरात्रात झुंबरबाई गडावरून नवा आणून बांधी, आणि जुनाही ठेवी. राखण कमी पडायला नको.

"फिरत्या पात्याजवळ लोंबतं काही नको," ज्योत्स्ना नवऱ्याला म्हणाली. "निदान काम करताना तरी काढा."

हिरामणनं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहायचं टाळलं. दोरा हातावरच राहिला, काठी कोपऱ्यात.

गुरुवारी ड्रॉवरच्या फळ्यांना खाचा पाडायच्या होत्या. चार फळ्या झाल्या. लेकाचा हात कसा सरसर चालतो, हे सुनेला दिसावं म्हणून झुंबरबाई मुद्दाम खुर्ची टाकून बसली होती. पाचवी फळी संपत आली, पातं बाहेर डोकावलं आणि गोंडा त्यात गुंतला. हात खेचला गेला. ज्योत्स्नानं झेप घेऊन बटण बंद केलं. दोरे तटातट तुटले. पातं थांबलं तेव्हा हिरामणच्या बोटात आणि त्यात नखाएवढं अंतर होतं.

झुंबरबाईनं लेकाची बोटं मोजली. पुन्हा मोजली. मग पदरानं घाम पुसला.

"बघा! देवीनं दोरा नेला, बोटं ठेवली."

"ठेवली, आई," ज्योत्स्ना म्हणाली. "पण फळ्या अजून वीस आहेत. दर फळीला तिला गड उतरायला लावायचं का?"

झुंबरबाई उठली, तिनं कोपऱ्यातली काठी उचलून लेकाच्या हातात कोंबली.

"हिच्याबिगर फळीला हात लावलास तर याद राख. आन् बायकोनं सांगितलं म्हणून नाय. मी सांगते म्हणून!"