प्लॅस्टिकमधले अठरा गिअर

मित्रांनो, मी एक जुनी, जाड टायरांची, अठरा गिअरची डोंगरी सायकल आहे. डोंगरी हे नुसतं नावाला. उभ्या जन्मात माझ्या चाकाला डोंगर कधी लागला नाही. लागली ती सगळी घाणच. पण आधी पैजेचं सांगते, कारण तिच्यात माझा जीव टांगला होता.

साल १९९८. नाशिकमध्ये, सातपूरच्या कामगार वसाहतीत, नळाच्या ओट्यापाशी माझा मालक नवनाथ आणि शेजारचा धनराज यांची जुंपली. डोंगरी सायकल भारी की रोडची? धनराजने पुण्याहून बारीक टायरांची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलची रोडची सायकल आणली होती. वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखी दिसायची मेली. शेवटी ठरलं: रविवारी वसाहतीतून निघायचं आणि त्र्यंबकचा एसटी स्टँड गाठायचा. जो हरेल त्याने खंडेनवमीला भर चौकात दुसऱ्याची सायकल घासायची, तीही स्वतःच्या दात घासायच्या ब्रशने.

नवनाथला तेवढ्यावर राहवेना. शेजारी काळू भंगारवाला उभा होता. त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आणि हरलोच, तर ही काळूच्या तराजूत!"

बघा आता. जीभ त्याची, मान माझी.

तसे माझेही दिवस होते. लुधियानाला जन्मले, नाशकात शालिमार चौकातल्या दुकानात काचेमागे उभी राहिले. नवनाथने मला घरी आणलं तेव्हा अख्खी वसाहत गिअर मोजायला आली. मंगलाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, ओवाळलं. मला वाटलं, आता अंजनेरी, ब्रह्मगिरीचे डोंगर! कसलं काय. नवनाथने गिअरच्या दांड्यांवरचं दुकानातलं प्लॅस्टिक काढलंच नाही. वर आणखी सुतळी गुंडाळली. का, तर वापरले की गिअर झिजतात.

दोन वर्षं एकाच गिअरवर कंपनीत ये-जा. वर कॅरिअर, जोडस्टँड, मागे "आई सप्तशृंगी प्रसन्न" लिहिलेला रबरी पडदा. डब्यातला मटकीचा रस्सा रोज माझ्या साखळीवर गळायचा. त्यावर धूळ, त्यावर कंपनीचं काळं तेल, त्यावर नवनाथची तंबाखूची पिंक. गल्लीतलं लांडं कुत्रं रोज सकाळी मागच्या चाकावर पाय वर करून हजेरी लावायचं. शी! माझाच वास मला सहन होत नव्हता. आणि शेजारची ती शेंग जुन्या साडीत गुंडाळलेली, रोज फडक्याने पुसलेली. तिच्या त्या नटण्याची मला किळस यायची.

रविवार उजाडला. पावसाने त्र्यंबक रोडची नुसती चाळण केली होती. इथे माझी चंगळ! खड्डा आला की मी दणकन आत, दणकन बाहेर. धनराज मात्र प्रत्येक खड्ड्यापाशी उतरायचा आणि नवरदेवाला घ्यावं तसं त्या शेंगेला खांद्यावर घ्यायचा. महिरावणीला आम्ही अर्धा मैल पुढे होतो. तराजू माझ्या डोक्यातून जवळजवळ उतरला होता.

अंजनेरी गावाच्या पुढे चढ लागला आणि नवनाथला धाप लागली. आता गिअर हवाच होता. त्याने दातांनी सुतळी तोडली, प्लॅस्टिकसकट दांडी दाबली. आत दोन वर्षांचा रस्सा, तेल आणि तंबाखू यांचं थारोळं! साखळी उडाली आणि मधेच जाऊन रुतली. काडीने उपसू म्हटलं तर काडी मोडली. नवनाथचे हात कोपरापर्यंत काळे झाले, आणि शेजारून धनराज शीळ घालत निघून गेला. त्र्यंबकला आम्ही चालत पोहोचलो. तो तिथे भजी खात बसला होता.

खंडेनवमीला चौकात सगळ्यांच्या गाड्या धुवायला निघाल्या होत्या. नवनाथ खाली मान घालून ब्रश घेऊन आला. काळू तराजू घेऊन आधीच हजर. धनराज पाटावर बसून म्हणाला, "नीट घास हां. मागच्या दाढा राहतात."

नवनाथने घास घास घासलं. ब्रश वर काढून बघतो तर पांढराच्या पांढरा. शेंगेला मळच नव्हता! बघायला जमलेल्यांचा विरस झाला. मला मात्र आता तिची नाही, स्वतःची किळस आली.

तेव्हा मंगलाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, गिअर झिजू नयेत म्हणून जपले तुम्ही. झिजले नाहीत, कुजले."

नवनाथ उठला. माझ्याकडे आला, खाली बसला आणि तोच ब्रश माझ्या साखळीवर फिरवला. पहिल्याच फटक्यात तो कोळशासारखा झाला. चौकातून "ई!" असा एकच आवाज उठला. तासभर तो घासत होता. मग त्याने प्लॅस्टिक टराटरा फाडलं, चाक फिरवलं, दांडी दाबली. कट्. गिअर पडला. जन्मात पहिल्यांदा.

काळू तराजू पुढे करून म्हणाला, "भाऊ, घेऊ ना मग?"

"पैज ब्रशची होती," धनराज म्हणाला. "तराजू ह्याने वरकड लावला होता."

नवनाथने तो काळाकुट्ट ब्रश काळूच्या पारड्यात टाकला. "हा ने. दुसरं काही मिळायचं नाही."

तर मित्रांनो, डोंगरी घ्यायची की रोडची, ते तुमच्या रस्त्याला विचारा. पण घ्याल ती पुसा, आणि तिचे गिअर पहिल्याच दिवशी वापरा. नाहीतर एक दिवस ब्रश तुमचा आणि चौक सगळ्यांचा.